फेक न्यूजवरचा प्रबंध: कोण फसतं यापेक्षा बातमी कोणाबद्दल आहे ते बघा

तुमचा प्लॅन असा दिसतोय की ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या पाच-सहा सोसायट्यांमध्ये फॉर्म फिरवायचा, खरेखोटे स्क्रीनशॉट दाखवायचे आणि शिक्षण कमी तसं फसणं जास्त, हीच राजकीय विषमता, हे एमएच्या प्रबंधात सिद्ध करायचं. विषय खूप महत्त्वाचा निवडलाय, म्हणूनच स्पष्ट सांगते, हा प्रश्न बदला. मी वाशीत राहते, याच विषयावरच्या फील्डवर्कमध्ये बरीच वर्षं गेली आहेत म्हणून जरा लांब लिहितेय.

तुम्ही असं धरून चाललाय की खोट्या बातमीने नुकसान होतं ते वाचणाऱ्याचं. राईनपाडा आठवा, धुळे जिल्हा, साक्री तालुका, 1 जुलै 2018, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीपासून चालू होते आणि जमावाने ज्या पाच जणांना मारून टाकलं ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागायला आलेले. अशा मेसेजात कोणाचं नाव असायची गरजच नसते, संशय कोणावर जाणार हे आधीच ठरलेलं असतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, 1952 मध्ये त्या विमुक्त झाल्या पण भटक्या माणसाकडे बघायची नजर गेली नाही. मेसेज नवा असतो हो, तो ज्यावर पेटतो ते सगळं जुनं असतं.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं. एप्रिल 2020, दिल्लीत तबलिगी जमात या मुस्लिम धार्मिक संघटनेच्या मेळाव्याला आलेल्यांनी कोरोना पसरवला असं ते प्रकरण झालं आणि भाजीवाल्याचं, फळवाल्याचं नाव विचारून मग माल घ्यायचा हे कितीतरी शहरांत सुरू झालं. त्याच महिन्यात पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात, म्हणजे 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या भागात, चोर आलेत या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले, आणि लगेच त्याला धार्मिक रंग देणारे मेसेज सुरू झाले, इतके की अटक केलेल्या 101 जणांत एकही मुस्लिम नाही हे गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं दिसतं म्हणाले. तो निकाल किती ग्रुपवर फॉरवर्ड झाला, आणि ज्याचा धंदा तेवढ्यात बसला त्याला काय मिळालं? हे कोणीतरी नीट शोधायला हवं, तुम्ही शोधा.

आता शिक्षणाचं. 2020 मध्ये अँड्र्यू गेस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात खोट्या बातम्या ओळखायच्या टिप्स दिल्यावर भारतातल्या सुशिक्षित ऑनलाइन गटाला फायदा झाला पण ग्रामीण गटावर परिणाम दिसला नाही, म्हणजे तुमच्या म्हणण्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणत नाहीये. पण सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019 च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये घरोघरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं, सरासरी परिणाम शून्य, आणि भाजप समर्थकांमध्ये तर स्वतःच्या पक्षाच्या सोयीच्या खोट्या बातम्या ओळखणं उलट कमी झालं. शकुंतला बानाजी आणि राम भट यांचा 2019 चा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा रिपोर्ट तर जरूर वाचा, महाराष्ट्रातही फील्डवर्क आहे, त्यांचं म्हणणं असं की अडाणीपणापेक्षा पूर्वग्रह जास्त काम करतो, माणसं पटतं म्हणून पाठवतात. बाहेरदेशीही माणसाच्या वंश-धर्माच्या ओळखीवरच घाव घातला जातो, 2016 ला खोट्या नावांनी पोस्ट टाकणाऱ्या रशियाच्या ट्रोल कंपनीने अमेरिकेत सगळ्यात जास्त लक्ष्य कृष्णवर्णीयांना केलं असं तिथल्या सिनेट समितीनेच नोंदवलंय.

म्हणून माझ्या मते असं करा. घोडबंदर आणि मुंब्रा एकाच ठाणे महापालिकेत आहेत, आणि मुंब्रा एवढं वाढलं त्यात 92-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून आलेल्या मुस्लिम कुटुंबांचा मोठा वाटा आहे. एकच अफवा निवडा, ती पाठवणाऱ्यांशी बोला आणि ती ज्यांच्याबद्दल होती त्यांच्याशीही बोला. सोसायटीच्या ग्रुपवर फ्लॅटवाले असतात, घरकाम करणारी बाई नसते, वॉचमन नसतो, गेटवरचा फेरीवाला तर नाहीच. त्यांच्याबद्दल मेसेज पडतो, निर्णय होतो, गेटवर लागू होतो आणि खोडून काढायला त्या ग्रुपवर त्यांच्यातलं कोणीच नसतं. राजकीय विषमता म्हणून तुम्ही जे मोजायचं म्हणताय ते मला इथे दिसतं, फॉर्ममधल्या शिक्षणाच्या रकान्यात नाही.

एक काळजी घ्या, अ‍ॅडमिनने हो म्हटलं म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्यांनी हो म्हटलं असं होत नाही, प्रत्येकाला वेगळं विचारा, आणि घरकामवाल्या बायकांची मुलाखत मालकिणीच्या घरात तर बिलकुल घेऊ नका, त्या मोकळेपणाने बोलणार नाहीत आणि काम जायची भीती त्यांनाच. आकडा कमी झाला तरी चालेल, वीस नीट मुलाखती पुरतात एमएला. गाईडशी बोलून नवी प्रश्नावली झाली की इथेच टाका, मी वाचून सांगते.