‘सगळ्यांना आवडलं, मला नाही’ : अधूनमधून बघणाऱ्याच्या मताबद्दल

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. आठवड्यातून जेमतेम दोन संध्याकाळी काही बघायला मिळतं, म्हणून तुम्ही गेल्या दोन-तीन वर्षांतलं गाजलेलंच निवडून लावलंत. ‘सेव्हरन्स’ तिसऱ्या भागात सोडलं. ‘पर्फेक्ट डेज’मध्ये काही घडतच नाही असं वाटलं. ‘द बेअर’मधल्या आरडाओरड्याने डोकं उठलं. ‘अ‍ॅडोलसन्स’ मात्र एका बैठकीत संपवलं, पण ते का आवडलं हे सांगता येत नाही. आणि मग विचारलंत, आपल्यासारख्या हौशी प्रेक्षकाच्या मताला काही किंमत असते का, की जाणकार म्हणतात ते मान्य करून गप्प बसावं?

गप्प बसू नका. मीही समीक्षक नाही, कामातून वेळ काढून बघणारीच आहे. फरक इतकाच की बरीच वर्षं मी एक वही ठेवली आहे. बघून झाल्या झाल्या तिच्यात काही लिहीत नाही. आठवड्याने उघडते आणि जे अजून डोळ्यांसमोर आहे तेवढंच लिहिते. एखादं दृश्य, एखादा आवाज, कोणाचा तरी हात. काही आठवलं नाही तर नाव आणि तारीख लिहून पुढची ओळ कोरी सोडते. बघताना टाळ्या वाजवाव्याशा वाटलेल्या कित्येक भव्य चित्रपटांपुढे आज कोरी ओळ आहे. तुमच्या चारही नावांबद्दल त्या वहीतूनच सांगते. शेवट कुठलाच फोडणार नाही, पण मधली काही दृश्यं येतील.

‘अ‍ॅडोलसन्स’पासून सुरुवात करू, कारण ‘का आवडलं’ याचं उत्तर तुम्हाला अंगाने कळलंय, फक्त शब्द मिळालेले नाहीत. २०२५ची ही मालिका चारच भागांची, आणि प्रत्येक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सलग शॉटमध्ये घेतलेला. मध्ये कट नाही. एरवी प्रसंग अवघड झाला की दिग्दर्शक आपल्याला दुसऱ्या खोलीत नेतो, खिडकीबाहेरचं झाड दाखवतो, आपण श्वास घेतो. इथे ती सोय काढून घेतलेली आहे. पोलीस दार फोडून तेरा वर्षांच्या मुलाला खुनाच्या संशयावरून उचलतात, आणि घरापासून ठाण्यापर्यंतचा सगळा वेळ आपल्याला त्याच्याबरोबर काढावा लागतो. तुम्ही एका बैठकीत संपवलंत, कारण उठायला फटच ठेवलेली नव्हती.

माझ्या वहीत त्यापुढे एकच शब्द आहे : सँडविच. तिसरा भाग आठवा. बंद खोली, तो मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. ती आपल्या सँडविचमधला अर्धा तुकडा त्याला देते. तो एकदाच चावा घेऊन बाजूला ठेवतो. पुढे संभाषण कुठल्या कुठे जातं, त्याचा आवाज चढतो, तो उठून तिच्या अंगावर येतो, पुन्हा लहान मूल होतो. शेवटी त्याला बाहेर नेतात आणि ती एकटी उरते. सामान आवरताना तिचा हात त्या अर्धवट खाल्लेल्या तुकड्याकडे जातो आणि झटकन मागे येतो. त्या एका हालचालीत तिला त्या मुलाबद्दल काय वाटलं ते सगळं कळतं, एकही वाक्य न बोलता. मुलाचं काम करणाऱ्या ओवेन कूपरचं हे पहिलंच काम, आणि चित्रीकरणात हाच भाग सर्वांत आधी घेतला गेला. पंधराव्या वर्षी त्याला एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. तो भाग बघितल्यावर त्याचं मला जराही नवल वाटलं नाही.

पण सगळंच पटलं असंही नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा शाळेतून हवेत उडतो, घरांवरून जातो आणि दुसरीकडे उतरतो. तिथे माझ्या मनात पहिला विचार आला, ‘हे कसं जमवलं असेल?’ तो आला त्या क्षणी मी गोष्टीबाहेर पडले होते. कौशल्य दिसलं आणि माणसं क्षणभर मागे पडली. हे मी खूप कौतुक वाचल्यानंतरही तसंच धरून ठेवलंय, कारण ते माझ्या बाबतीत खरोखर घडलं.

आता ‘पर्फेक्ट डेज’. इथे मला स्वतःची चूक सांगायला हवी. पहिल्यांदा मी तो दोन रात्रींत तुकडे करून बघितला, हातात फोन घेऊन. वहीत कोरी ओळ पडली. सहा-सात महिन्यांनी पुन्हा लावला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा माणूस, रोज तीच गादी गुंडाळणं, त्याच झाडांना पाणी, गाडीत जुन्या कॅसेट. त्याला स्वच्छतागृहाच्या एका फटीत घडी घातलेला कागद सापडतो. कोणीतरी त्यावर फुल्ली-गोळ्याचा डाव मांडून पहिली खूण केलेली असते. तो आपली खूण करून कागद परत तिथेच ठेवतो. दुसऱ्या दिवशी समोरच्याची खेळी आलेली असते. असं करत दिवसाला एक खूण या वेगाने डाव संपतो. समोरचा कोण हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्या वेळी हा कागद मी पाहिलाच नव्हता! तेव्हा मी बहुधा मान खाली घालून कोणाच्या तरी निरोपाला उत्तर देत होते.

हा चित्रपट रोज तेच दाखवतो, ते त्यातला फरक दिसावा म्हणून. मान खाली घातली की फरक निसटतो आणि ‘तेच ते’ तेवढं हाती लागतं. म्हणून तुम्हाला एवढंच विचारते, तो बघताना फोन कुठे होता? जवळ नव्हता आणि तरीही कंटाळा आला असेल, तर तुमचं मत माझ्यापेक्षा पक्कं आहे, ते खुशाल मांडा. माझी तर दुसऱ्यांदा बघूनही एक तक्रार राहिलीच. त्यातली स्वच्छतागृहं मुळातच इतकी लखलखीत आहेत की साफ करणाऱ्याच्या वाट्याची घाण, वास, पाठदुखी जवळजवळ दिसतच नाही. नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेली ही स्वच्छतागृहं बघायला दिग्दर्शकाला बोलावलं गेलं आणि त्यातून चित्रपट झाला, हे कळल्यावर तो चकचकीतपणा कुठून आला ते उमगलं. ते काम करणाऱ्या कोजी याकुशोला २०२३ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तो त्याच्या चेहऱ्यासाठी शंभर टक्के योग्य होता. पण एवढे श्रम इतके नेटके दाखवणं मला खटकलं.

‘द बेअर’ने डोकं उठलं म्हणता, ते अगदी बरोबर आहे. ती मालिका तेच करायला बसली आहे. पहिल्या सीझनचा सातवा भाग जवळजवळ पूर्ण एका शॉटमध्ये आहे आणि रेस्टॉरंटच्या त्या स्वयंपाकघरात सगळे एकाच वेळी ओरडत असतात. मला तो ताण आवडला. तुम्हाला नको वाटला, यात चूक कोणाचीच नाही. एमीच्या स्पर्धेत ही मालिका विनोदी गटात असते. अर्ध्या तासाचा भाग, वर विनोदी म्हणून शिक्का, मग माणूस हसायच्या तयारीने बसणार आणि हाती धडधड येणार. कधी पुन्हा इच्छा झालीच तर दुसऱ्या सीझनचा सातवा भाग तेवढा बघा. त्यात रिची नावाच्या भांडखोर माणसाला एका बड्या रेस्टॉरंटमध्ये आठवडाभर काटे पुसायला बसवतात. सुरुवातीला त्याला हा अपमान वाटतो. मग एकेक काटा उजेडात धरून पुसताना त्याच्यात काहीतरी बदलतं. वहीत माझं तेच आहे. तिसऱ्या सीझनपासून मात्र गोष्ट जागची हलेनाशी झाली, आणि मी ती पुढे कर्तव्य म्हणून बघितली.

‘सेव्हरन्स’ तिसऱ्या भागात सोडलंत तर सोडलंत. परत जायचं ओझं घेऊ नका. ऑफिसातल्या आणि घरच्या आठवणी शस्त्रक्रियेने वेगळ्या केलेल्या माणसांची ही गोष्ट. टेबलावर आडवी पडलेली बाई जागी होते आणि स्पीकरमधला आवाज तिला ‘तू कोण?’ म्हणून विचारतो, ती सुरुवात मला फार आवडली. पण पुढचा काही काळ मालिका तुमच्याकडून बराच विश्वास उसना मागते. पहिला सीझन संपला एप्रिल २०२२ मध्ये, दुसरा आला जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात हॉलिवूडमध्ये आधी लेखकांचा संप झाला, १४८ दिवसांचा, आणि तो चालू असतानाच कलाकारांचाही सुरू झाला. संप रास्तच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बघणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा कोणाला काय ठाऊक आहे हे मला आठवेना, आणि ज्या मालिकेचा सगळा डोलारा ‘कोणाला काय ठाऊक’ यावर उभा आहे तिच्यात हे फार मोठं नुकसान आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चंही तसंच झालं. २०१६ मध्ये सुरू झालेली मालिका पाच सीझनमध्ये २०२५ पर्यंत चालली, तोवर त्यातली पोरं मोठी झाली आणि काही भाग तर दोन तासांच्याही पुढे गेले. आठ-दहा भाग दाखवायचे आणि दोन-तीन वर्षं थांबवायचं, हे हौशी प्रेक्षकाच्या मुळावर येतं. सतत बघणारा धागे लक्षात ठेवतो किंवा सगळं पुन्हा बघतो. आपल्याला दोनच संध्याकाळी असतात.

तुम्ही यादी मागितलेली नाही, पण दोन नावं सुचवल्याशिवाय राहवत नाही. जुन्या जपानमध्ये घडणारी ‘शोगुन’ (२०२४) दहा भागांची आहे आणि तिच्या पहिल्या सीझनला १८ एमी मिळाले, एका सीझनला आजवर सर्वाधिक. ती डब केलेल्या आवाजात बघू नका, खाली शब्द वाचत बघा. मारिको ही त्यातली दुभाषी दोन माणसांच्या मध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगते. एक जण उद्धटपणे काही बोलतो, ती क्षणभर थांबते आणि दुसऱ्यापुढे तेच सौम्य करून ठेवते. मधे काय गाळलं गेलं हे फक्त तिला आणि वाचणाऱ्या आपल्यालाच कळतं. तिचा तो क्षणभराचा विराम हेच मालिकेचं खरं रणांगण आहे. सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा घातली की ते रणांगण पुसलं जातं.

आणि पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत ३० वर्षांनी भारतीय चित्रपट गेला आणि ग्रां प्री हा तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार घेऊन आला, म्हणून खूप चर्चा झाली. ती चर्चा विसरून बघा. मुंबईतली नर्स प्रभा, लग्नानंतर लगेच परदेशी गेलेला नवरा, त्याचा फोनही बंद झालेला. एक दिवस पार्सलमधून भात शिजवायचा लाल कुकर येतो. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, फक्त जर्मनीत बनल्याचा शिक्का. रात्री सगळं शांत झाल्यावर ती जमिनीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. मी या दृश्याला हसेन की रडेन हे मला बघताना कळत नव्हतं. आठवड्याने वहीत लिहायला बसले तर दुसरं काही लिहवेना.

‘ओपनहायमर’ तुम्ही घरी लहान पडद्यावर बघितलात आणि ‘ठीक’ म्हणालात, हे ओझरतं लिहिलंय. त्याच्या १८० मिनिटांपैकी माझ्याकडे उरलंय ते अणुबॉम्बच्या चाचणीच्या स्फोटानंतरचं. आधी नुसता उजेड, बराच वेळ आवाज नाही, आणि मग तो आदळतो. थिएटरमध्ये त्या शांततेत शेजारच्यांचे श्वास ऐकू येत होते. घरी पंखा चालू असतो. त्यामुळे तुमचं ‘ठीक’ आणि माझं ‘अजून विसरले नाही’ ही दोन्ही खरी आहेत. दोघांनी कुठे बसून बघितलं एवढं सांगितलं की भांडण उरतच नाही. बाकी त्या चित्रपटात संगीत संवादांवर चढतं आणि नावांची इतकी गर्दी होते की अर्धी माणसं मला शेवटपर्यंत ओळखू आली नाहीत, तेही सांगून ठेवते.

म्हणून मत मांडताना ‘बकवास’ किंवा ‘मास्टरपीस’ लिहून थांबू नका. कुठे बसून बघितलं, सलग की तुकड्यांत, कुठल्या क्षणी हात फोनकडे गेला, तेवढं लिहा. ‘तिसऱ्या भागात सोडलं, कारण त्या माणसांचं काय होणार याची मला काळजीच वाटेना’ हे वाक्य मला पानभर तांत्रिक चर्चेपेक्षा जास्त उपयोगी पडतं. त्यावरून मी ठरवू शकते की माझंही तसंच होईल की नाही.

‘अ‍ॅडोलसन्स’ नक्की कधी बघितलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. आठवडा उलटून गेला असेल तर आधी माझं सँडविच बाजूला ठेवा आणि तुम्हाला त्यातलं काय दिसतंय ते सांगा. चौथ्या भागातलं वडिलांचं काही असेल, असा माझा अंदाज आहे.