खाणीतला की लॅबमधला? वाचकांचे प्रश्न, रत्नपारखीची उत्तरं

प्रश्न : मुलाचा साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. होणाऱ्या सुनेला हिऱ्याची अंगठी करायचं ठरलंय. बजेट दीड लाख. मुलगा म्हणतो, लॅबमधला एक कॅरेटचा घेऊ, चांगला नजरेत भरेल. यजमान म्हणतात, लहान असला तरी चालेल पण खाणीतलाच हवा, सोन्यासारखा अडीअडचणीला उपयोगी पडेल. आणि मला धास्ती अशी की उद्या विहीणबाईंना कळलं, तर त्या म्हणतील मुलीला खोटा हिरा घातला. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, खोटेपणाची धास्ती आधी काढून टाका. लॅबमधला हिरा हा हिराच असतो. तोच कार्बन, तोच कठीणपणा, प्रकाश खेळवण्याची तीच ताकद. खोटा म्हणायचा तर अमेरिकन डायमंडला म्हणा, कारण तो झिर्कोनिया. त्यात हिऱ्याचं काहीच नाही. लॅबमध्ये हिऱ्याचीच पातळ चकती बीज म्हणून ठेवतात आणि मिथेन व हायड्रोजन वायूंच्या तप्त झोतात तिच्यावर कार्बनचे थर चढवतात. काही आठवड्यांत कच्चा हिरा तयार होतो. ही सीव्हीडी पद्धत. दुसरी एचपीएचटी, म्हणजे प्रचंड दाब आणि प्रचंड उष्णता देऊन करायची. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत 1954 साली अशा पद्धतीने हिरा तयार झाला. आज सुरतेत खाणीतल्या आणि लॅबमधल्या, दोन्ही हिऱ्यांना पैलू पाडले जातात. 2023 च्या जूनमध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला, तोही लॅबमधलाच होता आणि तसं जाहीर सांगूनच दिला होता. विहीणबाईंनाही असंच आधी सांगा. आधी सांगितलेली गोष्ट नंतर ‘कळत’ नाही. गैरसमज होतो तो लपवल्यामुळे, आणि नव्या नात्याच्या पहिल्याच दागिन्यात लपवाछपवी नको, असं मला मनापासून वाटतं.

आता यजमानांचा मुद्दा. खाणीतला हिरा घ्यावासा वाटणं चुकीचं नाही. जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर, शंभर कोटी वर्षांहूनही आधी घडलेली वस्तू सुनेच्या बोटात असावी, एवढी भावना पुरेशी आहे. पण ‘सोन्यासारखा’ हा हिशेब मात्र काढून टाका. सोन्याला रोजचा भाव असतो. बांगडी मोडायला नेली की वजन करून, घट धरून पैसे हातात येतात. हिऱ्याला असा एक भाव नाही. तीस सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट) हिरा विकायला गेलात, तर पेढी स्वतःच्या नियमाने किंमत ठरवते. बदल्यात दुसरा दागिना घेतला तर किमतीचा काही ठरावीक भाग, रोख रक्कम मागितली तर त्याहून कमी. दुसऱ्या पेढीचा माल तर बरेच सराफ घेतच नाहीत.

लॅबमधल्या हिऱ्याच्या बाबतीत हे आणखी कडक आहे. खाणीतल्या हिऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डी बिअर्ससारख्या कंपनीने 2018 मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबमधले हिरे आणले, तेव्हा कॅरेटला 800 डॉलर लावले होते. त्यानंतर बाजारभाव घसरतच गेले आणि 2025 मध्ये कंपनीने तो व्यवसाय बंद करायचा निर्णय जाहीर केला. कारण साधं आहे : यंत्रं वाढली की माल वाढतो. आज बऱ्याच ठिकाणी लॅबमधला हिरा तशाच खाणीतल्या हिऱ्याच्या दशांश किमतीत किंवा त्याहूनही कमी पैशांत मिळतो. उद्या तो अजून स्वस्त होऊ शकतो. म्हणून तो घालायला घ्यावा, ठेवायला नाही.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य शेवटचं आहे : मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर रुग्णांचे खांदे, पाठी, गुडघे हाताळणारी मुलगी. एक कॅरेटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असतो. उंच नखांवर, म्हणजे हिरा पकडून ठेवणाऱ्या सोन्याच्या काड्यांवर, बसवला की कपड्यात अडकणार, रुग्णाला ओरखडा निघणार. मग अंगठी बोटातून निघून कपाटात जाईल. हिरा कठीण असला तरी कडेवर नेमका धक्का बसला तर त्याचा टवका उडतो, हेही लक्षात ठेवा.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. लॅबमधला साठ-सत्तर सेंटचा घ्या, अठरा कॅरेट सोन्यात, चारी बाजूंनी सोन्याची कड असलेल्या बसक्या बंद कोंदणात. उरलेल्या पैशांचं तिच्या नावे सोनं करा. यजमानांची अडीअडचणीची काळजी तिथे मिटेल. आणि हे सगळं ठरवण्याआधी तिला विचारा. ती जर म्हणाली, मला लहानसाच पण खाणीतलाच हवा, तर विषय तिथेच संपला.

घेताना बिलावर हिरा ‘लॅबग्रोन’ की ‘नैसर्गिक’ हा शब्द लिहून घ्या, वजन कॅरेटमध्ये, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि परत घेण्याचा नियमही. प्रमाणपत्रावरचा क्रमांक बहुतेक वेळा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो; भिंग मागा आणि स्वतः वाचा. लॅबमधल्या हिऱ्यांच्या प्रमाणपत्रावर जीआयए ही हिरे तपासणारी संस्था 2025 पासून ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढंच लिहायला लागली आहे, आयजीआय ही दुसरी संस्था मात्र रंग आणि शुद्धतेची श्रेणी देते. दोन कागद वेगळे दिसले तर घाबरू नका. सोन्याच्या हॉलमार्कमधला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक हा फक्त सोन्याच्या शुद्धतेचा. तो हिऱ्याबद्दल काहीही सांगत नाही. आणि सोन्याची किंमत निव्वळ वजनावर लावली आहे ना, ते पाहा. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, ते वजन सोन्यात धरलं तर हिऱ्याचे पैसे दोनदा जातात.

प्रश्न : आजेसासूबाईंच्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या माझ्याकडे आल्या आहेत. त्यांच्या लग्नातल्या, म्हणजे 1940 च्या सुमाराच्या. एक हिरा पडून हरवला. सराफ म्हणतात, लॅबमधला बसवून देतो, कुणाला कळणार नाही. बसवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘कुणाला कळणार नाही’ हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. आणि ते खरंही नाही. तुमच्या कुड्यांमधले हिरे जुन्या घडणीचे असणार. त्या काळी पैलू हाताच्या अंदाजाने पडत, वरची चपटी बाजू लहान, पैलू मोठे. दिव्याच्या उजेडात ते संथ, ठसठशीत चमकतात. आजचा यंत्रावर नेमका कापलेला हिरा शेजारी बसवला की त्याचं बारीक लुकलुकणं वेगळं उठून दिसतं, मग तो लॅबमधला असो वा खाणीतला.

आधी उरलेले तेरा तपासून घ्या. इतके जुने हिरे लॅबमधले असूच शकत नाहीत, पण त्या काळी पांढरा पुष्कराज किंवा काचही बसवली जाई. हिरेच निघाले, तर जुना माल ठेवणाऱ्या सराफाकडे त्याच मापाचा जुना हिरा मिळतो का, ते विचारा. मोडलेल्या दागिन्यांतले असे हिरे मिळतात. थोडं थांबावं लागेल. तोवर ती कुडी घालू नका, बाकीची कोंदणंही ढिली झालेली असू शकतात. घाईने सोनं तापवून दुरुस्ती करू देऊ नका.

अगदीच मिळाला नाही, तर लॅबमधला बसवायला माझी हरकत नाही. मात्र कोणत्या कुडीतला, कितवा हिरा, कोणत्या साली बसवला, हे कागदावर लिहून डबीत ठेवा. तुमच्या नातीला ते माहीत असण्याचा हक्क आहे.

प्रश्न : मंगळसूत्राचं पेंडंट घेतलं, त्यात चाळीसेक बारीक हिरे आहेत. दुकानदाराने पेनासारखं यंत्र टेकवलं, ते वाजलं. म्हणाला, बघा, नैसर्गिक आहेत. विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ते यंत्र उष्णता किती वेगाने वाहते ते पाहतं. हिऱ्यातून ती झपाट्याने जाते, म्हणून यंत्र वाजतं. लॅबमधल्या हिऱ्यावरही तसंच वाजतं. साध्या यंत्राला तर मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडाही फसवतो. तेव्हा त्याने नैसर्गिकपणा सिद्ध झालेला नाही.

फरक ओळखता येतो, पण वेगळ्या यंत्रावर. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांमध्ये नायट्रोजनचे अणू जमिनीखालच्या अफाट काळात गोळा होऊन बसलेले असतात. लॅबमधल्या सीव्हीडी हिऱ्यात नायट्रोजन जवळजवळ नसतोच. तपासणी यंत्र अतिनील किरणांच्या आधारे असे संशयित हिरे बाजूला काढतं आणि त्यांची पुढे प्रयोगशाळेत तपासणी होते. बारीक हिऱ्यांच्या पुड्यांत लॅबमधला माल मिसळला जाणं ही या व्यापाराची खरी डोकेदुखी आहे. कधी कधी खुद्द सराफालाही ते माहीत नसतं. एकेका बारीक हिऱ्याचा कागद मिळत नाही, पण पूर्ण दागिन्याचा मिळतो. दुकानदाराकडे तो मागा. नाही म्हणाला, तर पेंडंट स्वतः प्रयोगशाळेत द्या आणि बिलावर ‘नैसर्गिक’ हा शब्द आहे का, ते आजच पाहून ठेवा. नसेल, तर बदलून देण्याची मुदत संपायच्या आत दुकानात जा.