विसार दिलाय, तलवार अस्सल नसेल तर?

प्रश्न : नोकरीमुळे मी तोक्योत, निशि-कासाईला राहतो. इथल्या एका दुकानात कोतेत्सु या नामवंत कारागिराचं नाव कोरलेली जुनी तलवार १५ लाख येनला ठरवली आणि १ लाख येन विसार दिला. पावतीवर ‘माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. दुकानदार म्हणतो, सरकारी नोंदणीचा दाखला सोबत आहे, म्हणजे अस्सलच. साताऱ्याला वडिलांना खंडेनवमीच्या पूजेसाठी ती द्यायची आहे. उरलेले पैसे शनिवारी द्यायचेत. देऊ का?

उत्तर : शनिवारी पैसे देऊ नका. आधी तो दाखला नीट वाचा.

जपानमध्ये जुन्या तलवारीची नोंदणी प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे होते. दाखल्यावर पात्याची लांबी, बाक, मुठीच्या खिळीची भोकं आणि पात्यावर कोरलेला मजकूर इतकंच असतं. तलवार बाळगणं बेकायदा नाही, एवढंच तो दाखला सांगतो. कोरलेलं नाव खरं की खोटं, हे मंडळ ठरवत नाही. उद्या खोट्या पात्यावर कोणी ‘कोतेत्सु’ कोरलेलं असेल, तर दाखल्यावरही ‘कोतेत्सु’च येईल. दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पण तो ज्या कागदावर बोट ठेवतोय, तो कागद त्याच्या म्हणण्याला पुरत नाही.

कोतेत्सु सतराव्या शतकातला, एदोचा, म्हणजे जुन्या तोक्योचा. त्याच्या नावाच्या नकला इतक्या झाल्या की ‘कोतेत्सु दिसली की खोटी समजा’ असं जपानी जाणकारच म्हणतात. खरी असती तर १५ लाख येनला मिळाली नसती, ही किंमतच पहिली खूण समजा.

आता दुकानात काय बघायचं ते. मुठीची बांबूची खिळी काढून मूठ उतरवायला सांगा. मुठीच्या आत जाणाऱ्या पात्याच्या भागाला ‘नाकागो’ म्हणतात, नाव त्यावरच कोरलेलं असतं. तिथला गंज गडद तपकिरी, एकसारखा हवा. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत आणि आजूबाजूला गंज सारखाच मुरलेला हवा. गंज जुना पण अक्षरं टोकदार, स्वच्छ दिसली, तर नाव नंतर कोरलंय. नाकागो आणि पातं जुळतं तिथे रंग किंवा रेषा बदलते का, तेही निरखा. अस्सल नाकागो दुसऱ्याच पात्याला जोडण्याची लबाडीही चालते. मग दिव्याखाली पातं हळूहळू तिरकं करा. पाणी दिल्याने धारेलगत उमटलेल्या रेघेत बारीक कण चमकतात. आम्लाने काढलेली रेघ नुसती पांढरी, सपाट दिसते. नाकागो मात्र घासू, पुसू देऊ नका. तिथला गंज हाच पुरावा आहे.

पण खरेदी तुमच्या डोळ्यांवर सोडू नका. तोक्योतच जपानी कलातलवार जतन संस्था आहे, तिचं संग्रहालय र्‍योगोकुला आहे. ती तपासणी करून ‘होझोन’, ‘तोकुबेत्सु होझोन’ अशा दर्जांचे दाखले देते. नाव खोटं ठरलं तर दाखला मिळत नाही. दुकानदार याच संस्थेचा १९८२ पूर्वीचा जुना हिरवा कागद दाखवेल, तर त्यावर थांबू नका, बाजारातच त्याला पूर्वीचा मान राहिलेला नाही.

कायद्यात तुमचं बळ एकाच गोष्टीवर अवलंबून आहे : अस्सलपणा हा सौद्याचा पाया होता, असं कागदावर आहे का? पावतीवर नुसतं ‘कोतेत्सुचं नाव कोरलेली तलवार’ असेल, तर तुम्हाला अगदी तेच मिळालंय, तक्रार कशाची करणार? ‘शोशिन’, म्हणजे नाव खरं, असं लिहून मिळालं की चित्र पालटतं. जपानी दिवाणी संहितेत वस्तू कराराप्रमाणे नसेल, तर ते कळल्यापासून एका वर्षात विक्रेत्याला कळवून दाद मागता येते. गैरसमजाने झालेला सौदाही रद्द करता येतो, मात्र ज्या गोष्टीबद्दल गैरसमज झाला, ती सौद्याचा पाया असल्याचं समोरच्याला दिसलेलं हवं. ‘परत घेणार नाही’ या छापील ओळीने फार घाबरू नका. विक्रेत्याने माहीत असलेला दोष लपवला असेल तर ती त्याला वाचवत नाही आणि व्यावसायिकाने ग्राहकाशी करार करताना आपली सगळी जबाबदारी झटकून टाकली, तर ग्राहक करार कायदा ते मानत नाही.

म्हणून दुकानदाराला लेखी कळवा : संस्थेकडून तपासणी व्हावी, नाव खोटं ठरल्यास विसारासह सगळे पैसे परत मिळावेत, उरलेली रक्कम त्यानंतरच. नाही म्हणाला तर सौदा सोडा. पावतीवर ‘तेत्सुके’, म्हणजे विसार, हा शब्द असेल, तर दुकानदाराने आपल्या बाजूची पूर्तता सुरू करेपर्यंत विसार सोडून तुम्हाला मोकळं होता येतं. १ लाख येन जाणं जिव्हारी लागेल, हे कळतं मला, पण त्यापायी आणखी १४ लाख घालू नका. जपानी कायद्याच्या बाजूसाठी तिथल्या ग्राहक मदतीच्या १८८ क्रमांकावर बोला, मग वकिलाला कागद दाखवा.

साताऱ्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. तलवार जपानबाहेर न्यायला तिथल्या सांस्कृतिक खात्याचं प्रमाणपत्र लागतं. इथे भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १० प्रमाणे शस्त्र आणायला परवाना लागतो आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय तलवार ठेवल्यावर कलम ४ व २५ खाली गुन्हे नोंदवले जातात. ‘पूजेची आहे’ हे उत्तर पोलिसांसमोर चालत नाही आणि उंबऱ्यावर पोलीस आले तर तुम्ही तोक्योत असाल, उत्तर वडिलांना द्यावं लागेल. परवाना हातात येईपर्यंत तलवार सामानात किंवा पार्सलने अजिबात पाठवू नका.

वडिलांशी आजच बोला. खंडेनवमीला पाटावर ठेवायला तलवारच हवी असं नाही. जुनी ‘त्सुबा’, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधली नक्षीदार लोखंडी चकती, हीही त्याच कारागिरीची वस्तू आहे आणि ती शस्त्र नाही. ती घ्याल तेव्हाही पावतीवर वर्णन पूर्ण लिहून घ्या.