‘मशीनलाच मी नको आहे’

नोकरीसाठी ४७ अर्ज, आणि एकाही ठिकाणाहून फोन नाही. वेंगुर्ल्याकडची ही मुलगी कुडाळला माझ्याकडे समुपदेशनाला आली ती आईसोबतच. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी., वय २४. पुण्या-मुंबईच्या अन्नप्रक्रिया कंपन्यांत अर्ज टाकत होती. एकदा रात्री साडेअकराला अर्ज पाठवला आणि चार मिनिटांत नकाराची मेल आली.

“म्हणजे कोणी वाचलंच नाही ना, मॅडम? ते एआय मला बघतं आणि बाजूला टाकतं.”

आईला राहवेना. “माझ्या चेडवात काय कमी आसा, तुमीच सांगा.”

नकारापेक्षा त्या चार मिनिटांनी तिला जास्त लागलं होतं. पहिला तास त्यावरच गेला, आणि जायलाच हवा होता. रोज संध्याकाळी मेल उघडताना पोटात गोळा येणाऱ्या मुलीला लगेच बायोडेटाचे धडे द्यायचे नसतात.

दुसऱ्या भेटीत तो ऑनलाइन फॉर्म तिला पुन्हा उघडायला सांगितला. ‘अनुभव किती?’ या रकान्यात तिने शून्य भरलं होतं. कंपनीने किमान सहा महिने मागितले होते. इतक्या झटपट नकारामागे बहुधा असा एखादा साधा नियमच असतो. तिच्याबद्दल कुणी, अगदी यंत्रानेसुद्धा, काही मत बनवलेलं नसतं.

आणि शून्य का? मामाच्या कॅनिंगच्या युनिटमध्ये तिने आंब्याचे तीन हंगाम काढले होते. रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण बघणं, पीएच, आम्लता, प्रत्येक बॅचची नोंद, सगळं तीच करायची. बायोडेटात मात्र एवढंच: ‘घरच्या व्यवसायात मदत.’ आई म्हणाली, “ता घरचाच काम. ता कित्याक लिवूचा?”

इथे मी अडून बसले. आपल्या मुली असं कितीतरी काम ‘घरचं’ म्हणून पुसून टाकतात. जाहिरातीत ‘क्वालिटी कंट्रोल’, ‘बॅच रेकॉर्ड’ हे शब्द होते. अर्ज निवडणारी संगणकाची चाळणी तेच शोधते, ‘मदत’ या शब्दातून तिला काही कळत नाही. तीन हंगाम मिळून नऊ महिने भरले. तेवढेच लिहिले, एक दिवसही वाढवला नाही.

मग तिचा दोन रकान्यांचा रंगीत बायोडेटा घेतला. यंत्राला तो कसा दिसत असेल हे बघायला त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर शिक्षण छंदांत मिसळलेलं आणि चित्रात बसवलेला फोन नंबर गायब! एका रकान्यात, साध्या अक्षरांत पुन्हा लिहिला.

“पण मशीन खरंच सगळ्यांना सारखं वागवतं?” तिने विचारलं. नेहमी नाही, आणि हे तिच्यापासून लपवायचं कारण नव्हतं. २०१८ साली बातमी आली होती, की अ‍ॅमेझॉनने बायोडेटा निवडायला बनवलेली यंत्रणा बायकांचे अर्ज मागे ढकलत होती, कारण ती शिकली होती दहा वर्षांच्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवर. कंपनीने ती गुंडाळली. म्हणून तिला म्हटलं, चूक त्या यंत्राचीही असू शकते. प्रत्येक नकार स्वतःच्या अंगाला लावून घेऊ नकोस.

नोकरी अजून लागलेली नाही. नव्या अकरा अर्जांतून दोन फोन आले; एका बाईंनी ब्रिक्सबद्दलच विचारलं, आणि ही वीस मिनिटं बोलत होती. आता एका ठिकाणी रेकॉर्ड करून पाठवायची व्हिडिओ मुलाखत आहे. घरी रेंज नाही, म्हणून बुधवारी ती माझ्याच खोलीत बसून देणार आहे.