खालून येणारी टक टक टॅपेटची समजून गाडी चालवू नका

तुम्ही लिहिलंय की चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) दगड लागला, ऑइलचा लाल दिवा पेटलेला असताना दोन-तीन मिनिटं गाडी चालली, आता चेंबर वेल्ड करून ऑइल भरलंय, पिकअप ठीक आहे पण खालून टक टक येते आणि मेकॅनिक म्हणतोय टॅपेट (इंजिनच्या वरच्या भागात व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) आहे, साताऱ्याहून पुण्याला चालवत न्या. नका नेऊ. माझं अगदी हेच झालं होतं.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळकडे येताना माझा दिवा पेटला. लगेच बाजूला घेऊन बंद केली, इथपर्यंत बरोबर होतं. मग सर्व्हिस सेंटरच्या हेल्पलाइनला फोन लावला तर तो मुलगा म्हणाला, "सर चालू होतेय ना, मग हळूहळू घेऊन या, टोचनला दोन तास लागतील." आणि मी ऐकलं. 9 किलोमीटर. पाचव्या किलोमीटरला आवाज सुरू झाला तो थांबलाच नाही.

पुढे जॉबकार्डवर काय लिहिलं, तर 'ग्राहकाने ऑइल नसताना गाडी चालवली'. फोनचा उल्लेख नाही. रेकॉर्डिंगसाठी तीन मेल केले, उत्तर नाही. इन्शुरन्सने चेंबर आणि पॅकिंगचे पैसे दिले, बाकी सगळं परिणामी नुकसान म्हणून नाकारलं, कारण इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलेलं नव्हतं. 1 लाख 40 हजार खिशातून गेले. अजून आठवलं की राग येतो. म्हणून सांगतो, कोणीही "चालवत आणा" म्हटलं की तेच व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

तो दिवा ऑइल किती उरलंय ते सांगत नाही, प्रेशर गेलंय ते सांगतो. प्रेशर गेलं की क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आणि त्याच्या बेअरिंगमधला ऑइलचा थर जातो, धातूवर धातू घासतो. नंतर कितीही नवीन ऑइल ओता, घासलेलं भरून येत नाही.

मी मेकॅनिक नाही, गाडी न बघता बोलतोय. पण टॅपेट वरून वाजतो, बारीक. बिग एंडचा, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा, आवाज खालून, जड, आणि इंजिन तापल्यावर बहुतेक वाढतो. पेट्रोल असेल तर एकेका सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल काढून बघायला सांगा, एखादी काढल्यावर आवाज दबला तर तिथलंच बेअरिंग गेलंय असं धरा. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात बघा. माझ्या फिल्टरच्या घड्यांत राखाडी-सोनेरी भुकटी होती, बोटाला चिकटून चमकत होती.

जाड ऑइल टाकून आवाज दाबतो म्हणाले तर नाही म्हणा.

आत्ता क्रँक वाचला असेल तर बेअरिंग सेटवर भागेल. तसंच पुण्यापर्यंत नेलंत तर क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून पुन्हा गुळगुळीत करणं), आणि रॉड तुटला तर इंजिनचा ब्लॉकच जातो. साताऱ्यातच चेंबर खोलून घ्या आणि खालच्या बेअरिंगचे, क्रँकचे फोटो इथे टाका, ओरखडे असतील तर दिसतील.