आळशी डोळा आणि व्हीआर: नुसता हेडसेट पुरत नाही

आळशी (कमी दिसणाऱ्या) डोळ्याला काम करायला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर लावलेली पट्टी सहा वर्षांची मुलगी ओढून काढते, मग पट्टीऐवजी घरातला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आभासी दृश्यं बघायचं उपकरण) दिला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलाची पट्टी दोन वर्षं चालली, त्यामुळे ही रोजची झटापट मला चांगली ठाऊक आहे. तरी सांगते, साध्या गेमनं काम होणार नाही.

आळशी डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू दाबून टाकत असतो. साधा व्हीआर गेम दोन्ही डोळ्यांना सारखंच ठळक चित्र दाखवतो, मग मेंदू सवयीनं चांगल्या डोळ्याचंच घेतो. उपचाराच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या डोळ्यापुढचं चित्र मुद्दाम फिकं ठेवतात, शिवाय चित्राचा काही भाग एकाच डोळ्याला दिसतो. दोन्हीकडचं जुळवल्याशिवाय पूर्ण चित्र मिळतच नाही. पट्टीत चांगला डोळा झाकलेलाच असतो, त्यामुळे दोघांना एकत्र काम करायचा हा सराव तिथे होत नाही. म्हणून मला ही पद्धत मनापासून पटते.

ल्युमिनोपिया या अशा उपचाराला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं) २०२१ मध्ये ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली. त्यात मुलं रोज १ तास, आठवड्यातून ६ दिवस हेडसेटमध्ये कार्यक्रम बघतात. चाचणीत १२ आठवड्यांनी नजर तपासायच्या तक्त्यावर सरासरी १.८ ओळींची सुधारणा दिसली. नुसता चष्मा लावणाऱ्यांत ०.८. म्हणजे हेडसेटमुळे जास्तीची मिळाली ती एक ओळ. ती मोलाचीच आहे, पण चष्मा सुटत नाही, तो हेडसेटच्या आतही लावायचा.

पट्टीचे तास किती सांगितलेत? दोष मध्यम असेल तर रोजचे २ तास आणि ६ तास यांचा परिणाम सारखाच येतो, असं २००३ मधल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. तास कमी करता येतील का, हे डॉक्टरांना आधी विचारा. आमच्याकडे दोन तासांवर आल्यावरच रडारड थांबली.

तिरळेपणा असेल तर नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय असलं काही सुरू करू नका. दाबलेलं चित्र जागं झालं आणि डोळे जुळत नसले, तर एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. मुलं हे आपणहून सांगत नाहीत. एक बोट समोर धरून ‘किती बोटं?’ असं अधूनमधून विचारत राहा, आणि ‘दोन’ म्हणाली तर त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवा.