पोऱ्याला उंदरांचं ऐकू द्या, पण मॅथ्स सोडू देऊ नका

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग परत नीट वाचलं. अमळनेरला धान्याचं दुकान, मुलगा अकरावी सायन्सला, आणि हा रात्री गोडाऊनमध्ये पोत्यांमागे मोबाईल ठेवून उंदरांचे आवाज रेकॉर्ड करतो, म्हणतो उंदीर हसतात, मला हेच शिकायचंय. पप्पांचं म्हणणं, आम्ही जन्मभर उंदीर मारले आणि हा त्यांचं ऐकत बसणार!

पोरगं थापा मारत नाहीये हो. अमेरिकेत याक पँकसेप नावाच्या शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात लॅबमधल्या उंदरांना चक्क गुदगुल्या केल्या, तर ते ५० किलोहर्ट्झच्या (आवाज किती बारीक ते मोजायचं माप) आसपास बारीक बारीक चिवचिवायचे आणि परत त्याच हाताच्या मागे धावायचे. मांजर समोर आलं की मात्र २२ किलोहर्ट्झचा लांबलचक सूर. आपल्या कानाची धाव २० पर्यंतच, त्यामुळे हे दोन्ही आपल्याला ऐकूच येत नाहीत, आणि साध्या मोबाईललाही नाही. म्हणजे त्याच्याकडे जे रेकॉर्ड झालंय ती नुसती भांडणाची चीची असणार, खरी गंमत निसटली. त्याला वेगळा अल्ट्रासॉनिक, म्हणजे असे ऐकू न येणारे आवाज पकडणारा माईक लागतो.

आता "हसतात" हा शब्द. उंदराला आतून काय वाटतं ते कोणी पाहिलेलं नाही, तो हाताकडे येतो की पळतो त्यावरून अंदाज बांधायचा. असं स्वतःच्याच आवडत्या गोष्टीवर शंका घेत बसणं त्याला जमत असेल तर तो या लाईनचा आहे, नुसते प्राणी आवडतात एवढ्यावर भागत नाही.

पत्रात शेवटी सहज लिहिलंय की बायोलॉजीच करायचंय तर मॅथ्स सोडतोय. तेवढं थांबवा! आवाजाचं सगळं काम ग्राफ, फ्रिक्वेन्सी आणि कोडिंगचं, आणि पुण्याच्या आयसरसारख्या सरकारी विज्ञान संस्थेत जायचं तर एंट्रन्सला चार विषयांचे ६० प्रश्न असतात, त्यातले १५ मॅथ्सचे. नाही लागला नंबर तर जळगावला झूलॉजीत बीएस्सी करून एमएस्सी, मग नेट ही देशपातळीवरची परीक्षा. पप्पांना सांगा, त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० मिळतात, पण तिथपर्यंत पोचायला सहा-सात वर्षं जातात हेही सांगा, लपवू नका.

आणि गोडाऊनचे उंदीर हाताळू देऊ नका, त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो. त्यापेक्षा कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करायचं फुकटातलं ऑडॅसिटी सॉफ्टवेअर टाकून द्या, घरातल्या पालीची चुकचुक रेकॉर्ड करून तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा ग्राफ काढून मला पाठव म्हणा.